लाजेचा तुकडा

माझ्या वाढदिवसाच्या दिवशी मधल्या सुट्टीत स्टाफरूममधलं मोठं टेबल रिकामं होतं. एरवी त्यावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतात. विसीने कागदी रुमालांचं पाकीट टेबलाच्या मधोमध ठेवलं, खुर्च्या पुढे ओढल्या, आणि मला वाटलं, झालं. आता दार उघडेल आणि कुणीतरी केक घेऊन आत येईल.

विसी इंग्रजी शिकवते आणि मी तिची सहायक. ती फळ्यावर वाक्य लिहिते, मी ते म्हणून दाखवते आणि मुलं माझ्यामागून म्हणतात. याच कामासाठी मी स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या एका बेटावरून स्पेनमधल्या पालेन्सियात आले होते. त्याआधीची सगळी वर्षं मी दगडफुलांचा अभ्यास केला. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. दोघांपैकी एकटं त्या उघड्या दगडावर टिकत नाही. मी मात्र प्रयोगशाळेत एकटी चांगली टिकले होते, इतकी की माणसांशी बोलायची सवय राहिली नव्हती. म्हणून मुद्दाम बोलण्याचीच नोकरी घेतली. अनोळखी गावात चार माणसं जोडता आली, तर पुढेही जमेल. नाही जमलं, तर मग आपण कशा आहोत ते एकदाचं कळेल.

नोव्हेंबरपर्यंत ते जवळजवळ कळलंच होतं. माझ्या खोलीची खिडकी इमारतीच्या आतल्या चौकात उघडायची. तिथून शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे दिसायचे, तळणाचा वास यायचा, आणि रात्री दहा वाजता सगळी घरं जेवायला बसली की काट्याचमच्यांचा आवाज. मी सहाला जेवून मोकळी झालेली असायची. शाळेत सगळे मधल्या सुट्टीत समोरच्या बारमध्ये कॉफीला जायचे. "चला!" असं कुणीतरी सगळ्यांना म्हणायचं. मला नावाने कुणी बोलवत नाही म्हणून मी बसून राहायची. माझं नाव इशबेल. ते कुणाच्या जिभेवर बसलंच नाही. वर्गात मी इसाबेल आणि स्टाफरूममध्ये 'स्कॉटिश पोरगी'.

म्हणून मी एक चाचणी ठरवली होती. वाढदिवसाची तारीख विसीला वर्गातच कळली होती, आणि तिने ती सगळ्यांना सांगितली होती. त्या दिवशी कुणी माझ्यासाठी काही केलं, अगदी एक मेणबत्ती लावली, तरी जूनपर्यंत राहायचं. नाहीतर नाताळला परत जायचं. साधी, स्वच्छ चाचणी. सकाळी सगळ्यांनी गालाला गाल लावून शुभेच्छा दिल्या होत्या, पण त्या मी धरल्या नाहीत. तोंडी शुभेच्छा ते पोस्टमनलाही देतात.

"मग?" एउतिमियोने हात चोळले. तो भौतिकशास्त्र शिकवतो आणि चिडवल्याशिवाय कुणालाही सोडत नाही.

"मग काय?" मी हसून म्हटलं.

"मी सकाळपासून पोटात काही घातलेलं नाही. आधीच सांगून ठेवतो."

"अरे, मग बार उघडा आहे की!"

कुणीतरी खोकलं. विसी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आज धावपळ झाली असेल तुझी. उद्या केलंस तरी चालतं हं, पोरी."

"छे, धावपळ कसली? आज मी अगदी मोकळी आहे," मी म्हटलं आणि स्पष्ट असावं म्हणून जोडलं, "संध्याकाळीसुद्धा."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. ही त्यांची गुप्त खूण असणार, असं मला वाटलं. आश्चर्याचा चेहरा कसा करायचा तेही मी आरशात पाहून आले होते. आम्ही सगळे रिकाम्या टेबलाभोवती बसून राहिलो. मी दाराकडे बघत होते आणि ते माझ्याकडे. मग घंटा झाली. विसीने रुमालांचं पाकीट उचलून परत कपाटात ठेवलं.

त्याच संध्याकाळी मी शिक्षण कार्यालयाला मेल केला, की नाताळनंतर मी येणार नाही. उत्तर लगेच आलं. त्यांना माझं कारणही नको होतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला एउतिमियो सकाळी दोन्ही हातांत मिठाईवाल्याची खोकी घेऊन धापा टाकत जिना चढताना दिसला. मी दार धरलं.

"कुणासाठी एवढं?"

"माझ्यासाठी. पन्नास झाली! ये, आणि स्कॉटिश लोकांसारखी एकच उचलू नकोस."

मी तशीच विसीपाशी गेले. "त्याच्या वाढदिवसाचं तोच आणतो?"

"मग कोण आणणार? नगराध्यक्ष?" ती हसली. "ज्याचा वाढदिवस, तो खाऊ घालतो. तुमच्याकडे नाही का..."

ती मध्येच थांबली. तिला कळलं, आणि मलाही. रिकामं टेबल, रुमाल, 'उद्या केलंस तरी चालतं'. माझी चाचणी स्वच्छ होती, फक्त उलटी लावलेली होती. मी त्यांची परीक्षा घेत बसले होते, आणि त्याच टेबलाशी ते माझी.

"आम्हाला वाटलं, आम्ही नको आहोत तुला," विसी हळूच म्हणाली. "बारमध्येही कधी येत नाहीस. एउतिमियो म्हणाला, राहू दे तिला, एकेकाचा स्वभाव असतो."

"मी राजीनामा दिलाय, विसी."

"माहीत आहे गं. मुख्याध्यापकांनी सांगितलं. घरी कुणी आजारी असेल असं वाटलं मला."

मी कार्यालयात फोन केला. तिकडच्या बाई सभ्य होत्या. माझी जागा कॅनडाच्या एका मुलीला दिली होती आणि तिने विमानाचं तिकीटही काढलं होतं. "काही अडचण होती का तुम्हाला?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. सांगण्यासारखी अडचण उरलीच नव्हती.

फोन ठेवून स्टाफरूममध्ये परत आले, तेव्हा एउतिमियोच्या खोक्यात एकच पेस्ट्री उरली होती. सगळे तिच्याभोवती उभे होते, पण कुणी हात लावत नव्हतं.

"हिला लाजेचा तुकडा म्हणतात," विसीने सांगितलं. "शेवटचा कुणी उचलत नाही. कितीही भूक असली तरी."

शेवटच्या दिवशी मी दोन ट्रे भरून पेस्ट्री आणल्या आणि टेबलावरचे गठ्ठे स्वतः हलवले. सगळे आले. ज्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं, त्यांनीही माझं बेट नकाशावर शोधून काढलं. एउतिमियोने तीन खाल्ल्या आणि म्हणाला, "पोरगी जाताना सुधारली! जानेवारीत गावाला डुक्कर कापतो आम्ही, सगळं गाव जमतं. येशील ना?" मग त्याच्या लक्षात आलं, आणि तो चौथी उचलायला वळला.

विसीने मला घट्ट धरलं. "थोडं आधी बोलली असतीस तर, बाई माझे," ती म्हणाली. तिच्या अंगाला खडूचा वास येत होता. आपणही विचारायला हवं होतं, असं ती म्हणाली नाही. मीही म्हणाले नाही.

घंटा झाली. कुणी माझा हात दाबला, कुणी पुढच्या वर्षी ये म्हणालं आणि सगळे आपापल्या वर्गावर गेले. जिन्यातून त्यांच्या हसण्याचा आवाज येत राहिला, नंतर तोही थांबला.

ट्रेवर एक पेस्ट्री उरली होती. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी तिच्याकडे बराच वेळ बघत बसले. मग रुमालांचं पाकीट कपाटात ठेवलं, कोट घातला, आणि ती तशीच सोडून निघाले.