फाटकावरच्या गाद्या

सरजाबाईंच्या मुलींच्या होस्टेलच्या फाटकाशी सकाळपासून गाद्यांचा ढीग पडला होता आणि ढिगाशेजारी उभा राहून ताहेर फोनवर बोलणी खात होता.

लातूरला क्लाससाठी आलेल्या पोरींच्या खोलीवर गादी, बादली, टेबललॅम्प पोचवायचा आणि पैसे गावाकडच्या बापानं मोबाइलवरून आधीच भरायचे, हा ताहेर आणि तनुजाचा धंदा. ॲप तनुजाचं, घाम ताहेरचा. वाटेत माल गायब व्हायला लागला तसा तनुजानं नियम घातला. बापाच्या फोनवर ओटीपी जाणार, तो सांगितल्याशिवाय माल द्यायचा नाही. संध्याकाळपर्यंत मिळाला नाही, तर पैसे आपोआप परत. तिकडे औशात पंख्याखाली बसून तिला हे फार शहाणपणाचं वाटलं होतं. पण ओटीपी कुणालाही सांगू नका, असं बँकेनं त्याच बापांना कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं.

"काका, तुमच्याच पोरीची गादी आहे," ताहेर नायगावच्या श्रीमंतरावांना विनवत होता.

"हाव. अन् मी नंबर सांगितला की खातं साफ. सरपंचाचं असंच गेलं."

"मग पोरीला विचारा."

"तिचा फोन होस्टेलात जमा हाय, हे तुला बरं ठाऊक. लई अभ्यास करून राहिला चोरीचा."

भूकंपानंतर पत्रे विकून वर आलेला गुरुपादप्पा समोरच्या आपल्या गाद्या-बादल्यांच्या दुकानातून ऐकत होता. "ताहेरशेठ, दुकानाचं भाडं वाचवलंत म्हणे. बाईंच्या फाटकाचं तरी द्या."

तेवढ्यात सरजाबाई बाहेर आल्या. "पोरी फरशीवर झोपतायत. दिवेलागणीला फाटक मोकळं दिसलं नाही, तर उद्यापासून इथं फक्त अप्पांचा माल."

ताहेरनं तनुजाला फोन लावला. "तो ओटीपी बंद कर."

"आणि माल पोचवणाऱ्या तुझ्या पोरांनी पळवलेलं मी भरू?"

"आळ घेतेस?"

"अनुभव सांगते. ओटीपीशिवाय एक उशी जरी आत गेली, तर आपलं संपलं."

ताहेरनं ढिगाकडे पाहिलं. गाद्या आज जातील, फाटक गेलं तर दरसालचा जूनचा धंदा जाईल. त्यानं गाद्यांवरच्या नावाच्या चिठ्ठ्या वाचून एकेका पोरीला हाक मारली आणि जिची तिला गादी देऊन टाकली.

दिवेलागणीला बापांचे पैसे परत गेले आणि स्कूटीवरून तनुजा आली.

"चोर म्हणणाऱ्यांना फुकट गाद्या वाटल्यास."

"फाटक राहिलं."

"ठेव उशाला." त्याच्यासमोरच तिनं त्याचं लॉगिन बंद केलं आणि स्कूटी वळवली.

श्रीमंतरावांचा फोन आला. "पैसे आले माघारी. भ्याला ना?"

फोन ठेवतो तोच गुरुपादप्पा रस्ता ओलांडून आला. "फाटक तुझं, माल माझा. नफ्यात चौथाई."

"निम्मा."

"चोराला निम्मा?"

"मग तुमची एक बादली आत जाते का बघा, अप्पा."

गुरुपादप्पा हसला नाही. त्यानं ताहेरला दुकानात बोलावलं. चहा मात्र एकच सांगितला, स्वतःपुरता.