सात किलो, शून्य ग्रॅम

काटेसाहेबांनी बॅग उचलली की त्यांची बायको आपोआप एक पाऊल मागे सरकायची. वजनमापे खात्यात वीस वर्षं निरीक्षक म्हणून काढलेल्या या माणसाला सगळी बाजारपेठ काटेसाहेब म्हणायची. तिनेही मनातल्या मनात तेच नाव चालू ठेवलं होतं. तोंडावर मात्र 'अहो'.

सकाळचे नऊ वाजले होते. साडेनऊला टॅक्सी येणार, बाराला बोट सुटणार. सहा दिवस, परदेशातली चार बेटं. बोटीवर माणशी वीस किलो सामान चालत होतं, पण काटेसाहेबांचा स्वतःचा नियम सातचा.

"उष्ण बेटांवर कपडे लागतातच किती? दोन सुती ड्रेस, एक टोपी, रबरी चपला. संपलं!"

दोन आठवडे रोज संध्याकाळी बॅगेची तपासणी व्हायची. सातच्या वर भरेल त्या दर शंभर ग्रॅमला एक थप्पड. पहिल्या दिवशी चारशे ग्रॅम जास्त भरले, तेव्हा त्यांनी चार मोजून मारल्या. चौथी जरा हलकी बसली असं वाटलं, म्हणून ती पुन्हा मारली.

ती मार खात होती आणि बॅग भरत होती, कारण तिला काहीही करून त्या बोटीवर चढायचं होतं. तिची थोरली बहीण तिसऱ्या बेटावरच्या दवाखान्यात नर्स होती. बोट तिथे चार तास थांबणार होती. ताई धक्क्यावर उभी राहणार होती आणि ही परत बोटीवर चढणार नव्हती. दवाखान्याला रक्त तपासणारं माणूस हवं होतं, आणि हिचं सगळं आयुष्य रक्ताच्या नळ्यांमध्येच गेलं होतं. फक्त पदवीची आणि अनुभवाची मूळ कागदपत्रं लागणार होती.

फाईल भरली सहाशे बारा ग्रॅम. तिने ती आपल्या कामावरच्या प्रयोगशाळेतल्या काट्यावर ठेवून पाहिली होती. मग एकेक वस्तू पर्समधून तिथे नेऊन मोजली. एक ड्रेस काढला, टॉवेल अर्धा कापला, टूथपेस्ट निम्मी पिळून टाकली. काल दुपारी साहेब कामावर असताना फाईल बॅगेच्या अस्तराखाली घालून वरून टाके घातले.

आता काटेसाहेबांनी बॅगेच्या मुठीत हातकाट्याचा आकडा अडकवला आणि बॅग उचलली. पट्टीवर अंक उमटले: ७.०००. ते पाहून तिला क्षणभर बरंच वाटलं. प्रयोग जमला की वाटतं तसं.

"किती?" अंक समोर दिसत असून त्यांनी विचारलं.

"सात."

"सात आणि?"

"सात आणि काही नाही."

"काही नाही!" ते हसले. बॅग हळूच पलंगावर ठेवून त्यांनी काटा सोडवला. "वीस वर्षं दुकानं तपासतोय. सरळ माणसाचं वजन कधी बरोब्बर येत नाही, बाईसाहेब. दहा-वीस ग्रॅम इकडे, नाहीतर तिकडे. बरोब्बर येतं ते लबाडाचं. तो आधीच मोजून बसलेला असतो."

चुकून पंधरा ग्रॅम कमी ठेवायचं तिला सुचलंच नव्हतं. तिच्या कामात चुकून कमी असं काही नसतंच.

त्यांनी कपडे उपसून जमिनीवर फेकले. अस्तरावरून बोटं फिरवली, टाके सापडले, आणि एका हिसक्यात कापड फाडलं. फाईल उघडली. पहिलाच कागद पदवीचा.

"समुद्रावर पदवी कशाला गं? माशांना दाखवायला?"

त्यांनी तो उभा फाडला. मग आडवा. तिने झडप घालून उरलेल्या फाईलवर हात टाकला. तेवढ्यात त्यांनी बॅगेचं कडक झाकण तिच्या हातावर आदळलं आणि वर गुडघा रोवला. वाळकी काडी मोडावी तसा आवाज झाला. उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी, दोन्ही मुळाशी, हे तिला दुखायच्या आधी कळलं.

"कुठे पळणार होतीस? कोण आहे तिकडे? बोल!" प्रत्येक शब्दाला ते गुडघ्याचा भार वाढवत होते.

तिचा डावा हात गादीवर चाचपडत होता. हातकाटा सापडला. तिने तो सगळ्या जोरानिशी त्यांच्या तोंडावर हाणला. पोलादी आकडा गालात घुसला आणि आत अडकला. ती ओढत राहिली. काटेसाहेब ओरडले, पण तो आवाज माणसाचा वाटेना. गाल ओठापर्यंत फाटला, तिच्या बाहीवर रक्ताची पिचकारी उडाली, आणि ते पलंगावरून घसरून गुडघ्यांवर आले.

"मारून टाकीन तुला!" ते रक्त थुंकत म्हणाले.

त्यांच्या शर्टाच्या खिशातून दोन पासपोर्ट डोकावत होते. वरचा तिचा. हातभर अंतर. हात पुढे केला की मनगट त्यांच्या तावडीत जाणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं. त्यांनी एक हात गालावर दाबत दुसऱ्या हाताने तिचा घोटा पकडलाच. तिने टाच त्यांच्या फाटक्या गालावर मारली, एकदा, दोनदा. पकड सुटली. ती दाराकडे धावली आणि बाहेरून कडी घातली.

खाली टॅक्सी उभी होती. म्हाताऱ्या ड्रायव्हरने तिची बाही पाहिली, लोंबकळणारी बोटं पाहिली, आणि काही न विचारता मागचं दार उघडलं.

"बंदर ना, मॅडम?"

"काका, आधी फोन द्या तुमचा."

ताईचा नंबर तिला पाठ होता.

"ताई, तू धक्क्यावर येऊ नकोस."

"का गं? कच खाल्लीस?"

"नाही. पासपोर्ट त्याच्याकडेच राहिला, पदवी फाडली त्याने. पण मी घरातून निघालेय."

"लागलंय का तुला?"

"दोन बोटं मोडलीत. त्याचा गाल मी फाडलाय."

"पाठीमागे येतोय का?"

"बाहेरून कडी घातलीय."

"मग पहिली चौकी गाठ. मोडलेला हात तसाच दाखव, कुणाला झाकू देऊ नकोस. पदवी पुन्हा मिळते, वेडे. विद्यापीठात अर्ज करावा लागतो, एवढंच."

वरच्या मजल्यावर दारावर धडका बसत होत्या. ड्रायव्हरने एकदा वर पाहिलं आणि गाडी सुरू केली.

"चौकी बंदराच्या उलट्या दिशेला आहे, मॅडम. बोट चुकेल."

"चुकू दे," ती म्हणाली, आणि दुखरा हात मांडीवर सरळ ठेवून बसली.