फिदेन्सिओच्या गाडीला पंखा

एस्पान्योला गावात गाडी जोरात पळवणाऱ्याला कुत्रंही विचारत नाही. ज्याची गाडी जमिनीला पोट टेकेल इतकी खाली आणि गोगलगायीला लाजवेल इतकी हळू, तो खरा. अशा चालीत इंजिन तापायचंच. पण फिदेन्सिओची चौसष्ट सालची लाल गाडी तापली ती नेमकी त्याच्याच अंत्ययात्रेत. शवपेटी पुढे दफनभूमीत पोचली आणि त्याची लाडकी गाडी वाफ सोडत पुलाजवळ उभी राहिली. चालवत होता धाकटा भाऊ एलॉय. तेव्हापासून गावात मान वर करून चालायची त्याला चोरी झाली होती.

आता फिदेन्सिओच्या मुलीचं, मारिसेलाचं लग्न ठरलं. तिने हट्टच धरला, चर्चपासून हॉलपर्यंतची वरात बाबांच्याच गाडीतून निघेल.

"काका, नाही म्हणू नका."

"मी कुठे नाही म्हणतोय? गाडी नाही म्हणाली तर काय करू ते सांग."

जुना पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा. इंजिन मंद की तोही मंद. वरातीच्या चालीत तो नुसत्या माशा हाकणार. विजेवरचा पंखा बसवला तर गाडी जागच्या जागी उभी असली तरी वारा चालू राहतो. एलॉयने भंगारवाल्याकडून तसला एक उचलून आणला. तो बसवायला घेतला तेव्हा फिदेन्सिओची बायको उर्सुला गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली.

"भावजी, काय बसवायचं ते बसवा. पण ह्यांच्या रंगाला ओरखडा नको."

रंग म्हणजे साधासुधा नव्हे. जिथे कुणी ढुंकून बघणार नाही त्या बॉनेटखालीही फिदेन्सिओने थरावर थर चढवले होते. आधी सोनेरी, त्यावर लाल, त्यावर काचेसारखा लेप. बोल्टसुद्धा सोडले नव्हते. आणि पंख्याची एक तार तर गाडीच्या उघड्या लोखंडाला जोडावी लागते, रंगातून वीज जात नाही. एलॉयला हे पक्कं ठाऊक होतं. नाहीतर ती थेट बॅटरीला जोडायची, पण बॅटऱ्या मागे डिकीत, तिथवर तार न्यायची तर फिदेन्सिओने स्वतः शिवलेल्या मखमली गाद्या उचकटाव्या लागणार. पॉलिशपेपर हातात घेऊन तो बराच वेळ उभा राहिला, पण भावाचा हात फिरलेल्या जागी त्याचा हात चालेना. शेवटी त्याने तार जुन्याच बोल्टला अडकवली, आणि पान्याने रंग उडू नये म्हणून वर रबरी चकतीही घातली. बटण दाबलं, पंखा फिरला. बोल्टच्या आट्यांमधून जेमतेम वीज मिळत असावी. फिरतोय ना, मग झालं, अशी त्याने मनाची समजूत घातली. मनाला ती पटली नव्हती.

लग्नाच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. मागे मारिसेला आणि तिचा नवरा, शेजारी उर्सुलावहिनी, पुढे फुलांनी मढवलेली एक गाडी आणि पाठीमागे गावातल्या सगळ्या खालमुंड्या गाड्यांची रांग. एलॉय हसून हात हलवत होता, पण त्याचा सगळा जीव तापमानाच्या काट्यात होता. काटा मध्यावर होता तोवर ठीक होतं. दुकानांची ओळ संपली तसा तो वर सरकला. एलॉयने कान दिला. पंख्याची घरघर मघाशी होती, आता नव्हती. गाडी जरा पळवली असती तर वाऱ्याने निवली असती, पण वरातीत पुढच्याला ओलांडून पळणं म्हणजे सात पिढ्यांची बदनामी. त्याने गुपचूप हीटर लावला, तेवढीच इंजिनाची धग बाहेर पडेल म्हणून.

"भावजी, हे गरम काय येतंय?"

"येतंय थोडं."

"काका, माझी पावडर वितळतेय."

"वितळू दे गं, तशीच छान दिसतेस."

समोर पूल दिसायला लागला, तोच पूल, आणि काटा लाल रेघेला भिडला. देवा, इथे नको, एवढंच तो मनात म्हणत राहिला. पण आता पुढे रेटलं असतं तर इंजिनच गेलं असतं. त्याने गाडी कडेला घेतली आणि बंद केली. मागची अख्खी वरात थांबली.

"एलॉय, कॉफी उकळली की हाक मार," मागच्या गाडीतून त्याचा दोस्त त्रांकी ओरडला. मग चेहरा बघून खाली उतरला आणि हळूच म्हणाला, "नवरीला माझ्या गाडीत बसव. लोक विसरतील."

"मी उतरणार नाही," मारिसेला म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

बॉनेट उघडलं. पंखा ढिम्म. वहिनीही येऊन उभ्या राहिल्या.

"पंखा चांगला आहे, वहिनी. तार रंगावर बसलीय. रंग खरवडायला हवा होता. मला धीर झाला नाही."

त्याने बोल्ट सैल करून तार बाजूला केली. खिशातला चाकू उघडलाही, पण पातं रंगापाशी नेऊन हात तिथेच थबकला. लख्ख लाल रंगात त्याला स्वतःचं तोंड दिसत होतं.

"द्या इकडे," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, तुम्ही..."

"डॉक्टर ऑपरेशनला ह्यांची छाती उघडायची म्हणत होते. हे म्हणाले, छातीवर मरियामाता गोंदलीय, ती मधोमध चिरली जाईल. हसत हसत म्हणाले. आणि मीसुद्धा म्हटलं, बरं, राहू दे." त्यांनी एलॉयच्या हातातून चाकू काढून घेतला. "मलाही ती तशीच हवी होती."

त्यांनी पातं दाबलं. लाल कपची निघाली, खाली सोनेरी, मग पांढरं लोखंड. पुरे, पुरे, असं एलॉय म्हणाला तरी त्या खरवडतच राहिल्या. तळहाताएवढी जागा उघडी झाली तेव्हाच त्यांचा हात थांबला.

एलॉयने तार आवळली. पंखा असा सुटला की त्रांकी दचकून मागे सरला. काटा खाली यायला लागला तसं एलॉयने बॉनेट बंद केलं.

वहिनी आधीच जाऊन बसल्या होत्या. नखांत अडकलेला लाल रंग काढत होत्या आणि रडत होत्या, लपवत नव्हत्या. एलॉयने गाडी चालू केली.

"चला भावजी," त्या म्हणाल्या. "आणि घाई करू नका."