वेष्टणावर नसलेली नीवेस

मित्रांनो, मी गाण्यांची एक जुनी तबकडी आहे. काळी, गोल, दोन्ही बाजूंना चार-चार गाणी असलेली. आता मी कडेला थोडी वाकले आहे आणि सुई ठेवली की गाण्याच्या आधी माझी खरखरच ऐकू येते. पुष्कळ वाजून झालं आणि त्याहून जास्त पडून राहून झालं. दोन्हींचा थकवा सारखाच असतो. तरी एकदा सगळं सांगून टाकावं असं वाटतं.

माझा जन्म १९८४ सालचा, इटलीतला. ‘लिदो ब्लू’ नावाच्या नाचगाण्यांच्या जोडीचा मी पहिला अल्बम. जोडी म्हणजे लोरिस आणि एक गाणारी मुलगी. लोरिसकडे विजेवर चालणारे दोन कीबोर्ड होते आणि ढोलाचे ठोके देणारं एक यंत्र होतं. टायरच्या दुकानावरच्या खोलीत त्याने भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवले होते. तिथे तीन रविवारी बसून नीवेस गुआल्दी माझी आठही गाणी गायली.

नीवेस बावीस वर्षांची होती. कार्पी गावात स्वेटर विणण्याच्या कारखान्यात ती कामाला जायची. गाणी इंग्रजीत होती आणि तिला इंग्रजीचा गंधही नव्हता. लोरिसने त्या शब्दांचे उच्चार इटालियन पद्धतीने कागदावर उतरवून दिले होते. अर्थ न कळताही ती इतकी जीव ओतून गायची, की लोरिस रेकॉर्डिंगचं यंत्र बंद करायचं विसरून जाई.

शेवटच्या रविवारी तो म्हणाला, “आवाज झकास आहे गं तुझा. पण वेष्टणावर उंच, सोनेरी केसांची मुलगी लागते. फोटो दुसरीचा टाकतोय. टीव्हीवरही तीच ओठ हलवेल. तू कुठे बोलायचं नाहीस. दुसऱ्या अल्बमवर तुझं नाव घालू, शब्द देतो.”

कुठे बोलणार नाही, असं लिहिलेल्या कराराच्या कागदावर नीवेसने सही केली. तिला गायचं होतं आणि दुसरा रस्ता दिसत नव्हता.

पुढे तबकड्यांच्या कारखान्यात तापलेला काळा गोळा दोन साच्यांमध्ये दाबला गेला आणि मी तयार झाले. माझ्यासारख्या हजारो निघाल्या. त्यातली मी नीवेसच्या हाती आले आणि तिने मला थेट वडिलांना नेऊन दिलं. म्हणाली, “बाबा, ही मी आहे. पण कुणाला सांगू नका.”

तिचे वडील एर्मेस हे न्हावी. चौकाच्या कोपऱ्यावर त्यांचं दोन खुर्च्यांचं दुकान होतं. त्यांनी माझं वेष्टण उलटसुलट करून वाचलं. लोरिसचं नाव होतं, फोटो काढणाऱ्याचं होतं, फोटोतल्या मुलीचे केस कुणी केले त्याचंही नाव होतं. एर्मेस पुटपुटले, “केस विंचरणाऱ्याचं नाव आहे, आणि गाणारीचं नाही?”

दुसऱ्या दिवसापासून मी दुकानात वाजू लागले. पहिल्या बाजूचं तिसरं गाणं त्या उन्हाळ्यात सगळीकडे गाजत होतं. समुद्रकाठच्या नाचघरांत तेच, कॉफीच्या दुकानात तेच. गुपित एर्मेसच्या पोटात आठवडाभरही राहिलं नाही. साबणाचा फेस करता करता ते म्हणाले, “ही माझी नीवेस गातेय.”

खुर्चीत त्यांचा मित्र ओरेस्ते होता, पलीकडच्या गल्लीतला खाटीक. तो इतका हसला की फेस आरशावर उडाला.

“नीवेस? मग मी मिलानचा आर्चबिशप! अरे, टीव्हीवर बघितली ना ती मुलगी. तुझी पोरगी एका उन्हाळ्यात वीतभर वाढली की काय?”

“फोटो दुसरीचा आहे. आवाज हिचा.”

“हो हो. आणि माझ्या दुकानातलं सॉसेज रोज सकाळी व्हायोलिन वाजवतं!”

गावाला विषय मिळाला. जो येई तो विचारी, “काय एर्मेस, तुमच्या सिनेतारका घरी आहेत का?” एर्मेस हसण्यावारी नेत, पण मला रोज लावत. कधी कधी तेच गाणं दिवसातून दहादा. माझी रेघ तिथेच सगळ्यात जास्त झिजली आहे.

मग एका शनिवारी दुपारी नीवेस वडिलांचा डबा घेऊन आली. दुकान भरलेलं होतं. ओरेस्तेने तिला दारातच गाठलं.

“ये ये, नीवेस. आता तूच सांग. हे गाणं तू गायलीस?”

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. मी फिरतच होते, तिचाच आवाज दुकानभर पसरला होता. दुसरा अल्बम दोन आठवड्यांवर आला होता. लोरिसचा कागद तिच्या डोळ्यांसमोर आला असावा. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे.

“छे, काहीतरीच. बाबा तुमची चेष्टा करतायत.”

काय हशा पिकला! एर्मेसच्या हातातला वस्तरा थांबला. त्यांनी गिऱ्हाइकाचा गाल ओल्या टॉवेलने पुसला, सावकाश येऊन सुई उचलली आणि मला वेष्टणात घातलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण फिरवल्याशिवाय मला तोंड नाही.

दुसरा अल्बम निघाला. लोरिसचा फोन काही आला नाही, कुणी तिसरीच मुलगी गायली. नीवेस स्वेटरच्या यंत्रावर परत गेली. बापलेक जेवायला एकत्र बसत, हवेबद्दल बोलत, माझ्याबद्दल कधीच नाही. मी दुकानातल्या कपाटात टॉवेलांखाली आडवी पडून होते. वर कुणीतरी दाढीनंतर लावायच्या कलोनची बाटली ठेवली होती, ती पाझरून वेष्टणाचा कोपरा कुजला. शेजारून गरम पाण्याचा नळ जात होता, त्याच्या धगीने मी वाकले. सत्तावीस वर्षं. पहिली काही मी मोजली, मग मोजायचाही कंटाळा आला.

एर्मेस शहात्तर वर्षांचे झाले तेव्हा त्यांनी दुकान बंद करायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी शेवटची दाढी ओरेस्तेची होती. नीवेस आवराआवर करायला आली होती. टॉवेल काढताना मी तिच्या हाताला लागले. तिने वेष्टणाचा कुजलेला कोपरा बोटाने झटकला.

“ओरेस्तेकाका,” ती म्हणाली, “त्या दिवशी मी खोटं बोलले होते. बाबा खरं सांगत होते.”

एर्मेस वळले नाहीत. वस्तरा पट्ट्यावर घासता घासता म्हणाले, “चूक माझीही होती. बोलू नका म्हणाली होतीस. मला राहवलं नाही.”

“मग गाऊन दाखव,” ओरेस्ते म्हणाला. आता त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

तिने मला पुसलं, लावलं आणि माझ्याबरोबर गाऊ लागली. मित्रांनो, मला वाटलं होतं, आता सगळं सिद्ध होईल. पण लोकरीच्या धुळीने तिचा आवाज जाडा झाला होता आणि वाकल्यामुळे माझा सूर हेलकावे खात होता. दोन आवाज दोन वेगळ्या बायकांचे वाटले. अर्ध्यातच ती थांबली.

ओरेस्तेने हनुवटीवरचा फेस बोटाने निपटला.

“जुळत नाही पोरी. उगाच कशाला खोटं बोलू? पण या माणसाने चाळीस वर्षं माझ्या गळ्यावर वस्तरा फिरवला आणि मी डोळे मिटून बसलो. मग याच्या या एका शब्दावर विश्वास ठेवायला मला काय झालं होतं?” तो खुर्चीतून उठला, गळ्यातला टॉवेल तसाच, आणि एर्मेससमोर उभा राहिला. “चुकलो रे.”

एर्मेसनी त्याच्याकडे पाहिलं. डोळे भरले होते, पण हात स्थिर होता.

“बस खाली,” ते म्हणाले. “अजून डावा गाल राहिलाय.”

मित्रांनो, आम्हा तबकड्यांना धगीजवळ ठेवू नका, ओल्या हातांनी धरू नका, आडव्या टाकू नका. एवढं केलंत तर आम्ही पुष्कळ टिकतो. माणसं तेवढी टिकत नाहीत आणि त्यांचे आवाज तर त्याहूनही कमी. म्हणून एखादं गाणं आवडलं, तर ते कुणी गायलं हे त्याच वर्षी विचारा. उशीर झाला, की माझ्यासारखीला साक्षही धड देता येत नाही.