दुसरं बूच काढलं का?

मी ऑइल कूलर बोलतोय. बोलतोय म्हणजे आता. ज्या दिवशी बोलायची खरी गरज होती, त्या दिवशी माझ्या तोंडात बूच होतं.

खोलीत पाणी भरून गार हवा सोडतो तो कूलर मी नव्हे. मी गाडीच्या नाकाशी बसतो. इंजिनातलं तापलेलं तेल एका नळीने माझ्यात येतं, माझ्या तेरा चपट्या नळ्यांतून फिरतं, समोरच्या वाऱ्याने निवतं आणि दुसऱ्या नळीने परत इंजिनात जातं. मला दोन तोंडं. एकाने घ्यायचं, दुसऱ्याने द्यायचं. इतकं सरळ काम आहे. यात गोंधळ घालायला खरंच कष्ट लागतात, आणि इथली, यॉर्कशरची माणसं कष्टाळू आहेत.

जन्म माझा बर्मिंगहॅमजवळच्या एका कारखान्यात झाला. आत कचरा जाऊ नये म्हणून जन्मतःच दोन्ही तोंडांत लाल प्लास्टिकची बुचं बसवली. सोबत एक सूचनांचा कागद दिला. पाद्री थ्वेट यांनी मला आपल्या जुन्या गाडीसाठी विकत घेतलं आणि म्हणाले, "येत्या शनिवारी बसवू."

तो शनिवार अकरा वर्षं आला नाही.

मी त्यांच्या गॅरेजात फळीवर पडून. एकदा त्यांच्या मांजरीने माझं एक लाल बूच पळवलं. पाद्री नीटनेटका माणूस. त्यांनी चर्चमधल्या वाइनच्या बाटलीचं बूच घेतलं, माझ्या त्या तोंडात ठोकलं आणि बाहेर आलेला भाग सुरीने सपाट कापला. वर धूळ बसली, धुळीवर तेलाचा हात लागला. दोन वर्षांत ते इतकं काळं झालं की बघणाऱ्याला वाटावं, हे उघडं भोकच आहे. पुढे पाद्रींनी गाडी विकली आणि मला चर्चच्या जत्रेत ठेवलं, एका बिनवायरच्या दिव्याच्या आणि एक तुकडा कमी असलेल्या कोड्याच्या मधोमध. तिथून एनिड अ‍ॅक्रॉइडने मला मुरंब्याच्या एका बरणीवर उचललं. माझी किंमत मुरंबा. असो.

एनिड बहात्तर वर्षांची. तीस वर्षं तिने दुधाचा टँकर चालवला होता. तिच्याकडे १९७१ची हिरवी, दोन सीटांची, उघड्या टपाची गाडी होती. दर जूनच्या शेवटच्या रविवारी जुन्या गाड्यांचा एक ताफा कोल्डर घाट चढून पलीकडे उतरतो. गेली दोन वर्षं उकाडा होता. दोन्ही वर्षी घाटमाथ्यावरच्या 'काळी मेंढी' पबच्या एक वळण अलीकडे गाडीचं तेल तापून पाण्यासारखं झालं, दाबाचा काटा पडला आणि एनिडला ट्रॅक्टरला दोर बांधून खाली यावं लागलं. पबवाल्यांनी त्या वळणावर लाकडी पाटी ठोकली : 'एनिडचा थांबा'. प्रेमानेच ठोकली होती. प्रेमाने ठोकलेली पाटी जास्त लागते.

आणि यंदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, एक जुलैपासून गाडी चालवायची नाही. म्हणजे हा शेवटचा जून. इंजिन मेलं तर दुसरी संधी नाही.

मला बसवायचं काम तिचा नवरा विल्फ आणि शेजारी डेस्मंड यांनी अंगावर घेतलं. चाळीस वर्षांचा शेजार. एकमेकांशी इतके सभ्य, की चाळीस वर्षांत एकाने दुसऱ्याला एकही सरळ प्रश्न विचारलेला नाही. डेस्मंडची शिडी विल्फकडे एकोणीस वर्षं आहे. डेस्मंडने स्वतःसाठी नवी शिडी घेतली, पण "माझी शिडी?" असं विचारलं नाही.

पहिली गोष्ट विल्फने काय केली? माझ्या सूचनांचा कागद उलगडला, बाकावर पसरला आणि त्यावर चहाची किटली ठेवली. तपकिरी मातीची किटली, त्याच्या आईची. किटलीच्या डोक्यावर, चहा गार होऊ नये म्हणून, एनिडने विणलेली पिवळी लोकरीची टोपी, वर गोंडा.

"सूचना वाचणार का तुम्ही?" असं डेस्मंडने विचारायला हवं होतं. तो म्हणाला, "बाकावर डाग पडू नये म्हणून कागद चांगला आहे."

"जाड आहे," विल्फ म्हणाला.

मला रेडिएटरच्या पुढे चार नटांनी लटकवलं. ते बरं केलं, खोटं का बोला. मग विल्फने माझं लाल बूच काढलं. मी मनात म्हटलं, शाब्बास. आता दुसरं. त्याने मान वळवलीसुद्धा होती. तेवढ्यात घरातून एनिडची हाक आली.

"अरे विल्फ! स्कोन गार होतायत!"

गेले दोघं ते मलई लावलेले गरम पाव खायला. आले ते वीस मिनिटांनी, मिशांवर मलई घेऊन. विल्फला वाटलं, आपण हात धुवत होतो तेव्हा डेस्मंडने दुसरं बूच काढलं असणार. डेस्मंडला वाटलं, विल्फने दोन्ही एकदम काढली. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. चहाच्या वाफेने डेस्मंडचा चष्मा धुरकटलेला. माझं तोंड काळं. त्याला ते उघडं वाटलं.

मी ओरडत होतो. बूच असलेल्या तोंडाने ओरडून बघा एकदा.

विल्फने आत येणारी नळी जोडली आणि नट पान्याने आवळला. डेस्मंडने बाहेर जाणारी नळी माझ्या बंद तोंडावर टेकवली, नटाला बोटाने अर्धा आटा दिला आणि पान्यासाठी थांबला. पाना विल्फच्या हातात. "पाना देता का?" हे तीन शब्द. पण मागितला तर विल्फला वाटेल आपण घाई करतोय. म्हणून तो उभा राहून उघड्या दारातून आभाळाकडे बघत राहिला.

"ढग आलेत," तो म्हणाला.

"येतात ते," विल्फ म्हणाला आणि पाना डेस्मंडच्या बाजूला ठेवून पुन्हा चहा ओतायला गेला. परत आला, तर पाना त्या बाजूला पडलेला. आपणच तो तिथे ठेवला हे विल्फ विसरला. त्याला वाटलं, डेस्मंडने आवळलं. आणि डेस्मंडला वाटलं, ज्या अर्थी विल्फ काही बोलत नाही, त्या अर्थी त्यानेच आवळलं.

अशा रीतीने मी बसलो. एक तोंड बंद, आणि त्या तोंडावरची नळी नुसती टेकलेली.

एनिड किल्ली घेऊन आली. "झालं?"

"झाल्यासारखंच आहे," विल्फ म्हणाला.

"तेलाचा दाब आल्याशिवाय मी सुरू करणार नाही. ठिणगीचे प्लग काढ. आधी नुसतं फिरवू."

बाई शहाणी होती, हे मी इथे नोंदवून ठेवतो. प्लग काढले. तिने किल्ली फिरवली. इंजिन घरघर घरघर फिरलं. पंपाने तेल माझ्याकडे ढकललं. ते माझ्यात शिरलं, पुढची हवा दाबत दाबत बुचापर्यंत आलं आणि थांबलं. काटा शून्यावर.

"नवं आहे, भरायला वेळ लागतो," डेस्मंड म्हणाला.

पुन्हा घरघर. शून्य. माझं पोट फुगलं.

"मला विचाराल तर," डेस्मंड म्हणाला, आणि त्याला कुणी विचारलेलं नव्हतं, "एकदा सुरू केली की येईल दाब."

सुरू केली असती तर बेअरिंगं मिनिटभरात कोरडी घासून गेली असती. रविवार गेला असता. एनिडचा जून गेला असता. विल्फने प्लग परत बसवायला हातात घेतले. एनिड काट्याकडे डोळे बारीक करून बघत होती. तिला काटा नीट दिसत नव्हता, म्हणून पुढे वाकली होती.

"शेवटचं एकदा," ती म्हणाली आणि किल्ली फिरवली.

फट्!

टेकवलेली नळी उडून बाजूला पडली, आणि बूच माझ्या तोंडातून सुटून गॅरेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं आणि सरळ विल्फच्या आईच्या किटलीवर. तोटी एकीकडे, पोट दुसरीकडे. पिवळी टोपी हवेत. मागोमाग माझ्यातून तेलाची पिचकारी डेस्मंडच्या पँटवर. नट आवळलेला असता तर बूच जागचं हललं नसतं. या माणसांना एक चूक निस्तरायला दुसरी चूकच लागते.

चहा बाकावरून ठिबकत होता.

"काही हरकत नाही," विल्फ म्हणाला.

"पँट जुनीच होती," डेस्मंड म्हणाला.

एनिडने आधी बूच उचललं आणि नाकाशी नेलं. "चर्चची वाइन," ती म्हणाली. मग किटलीखालचा ओला कागद उचलला, हात लांब करून धरला आणि मोठ्याने वाचला. "दोन्ही बुचं काढावीत. दोन्ही नट आवळावेत." तिने कागद खाली ठेवला. "दोनच ओळी आहेत, विल्फ."

"मला वाटलं डेस्मंडनी काढलं."

"मग विचारायला काय झालं होतं?"

"त्यांना वाईट वाटलं असतं."

"आणि तुम्ही, डेस्मंड?"

"मी विचारणार होतो," डेस्मंड म्हणाला, "पण मग ढग आले."

"चाळीस वर्षं!" एनिड म्हणाली. "माझं इंजिन गेलं असतं, पण तुमची सभ्यता शाबूत राहिली असती! आणि विल्फ, त्यांची शिडी परत दे!"

डेस्मंड लाल झाला. शिडीचा उल्लेख एवढ्या उघडपणे व्हायला नको होता.

त्यानंतर दोन्ही नट एनिडने स्वतः आवळले. काटा वर आला. मला वाटलं, चला, आता रविवारी आपला पराक्रम. दोन वर्षांचा उकाडा, तापलेलं तेल, आणि मी!

रविवारी आठ अंश तापमान होतं आणि आडवा पाऊस.

ताफा निघाला. एनिड चालवायला, विल्फ शेजारच्या सीटवर. माझ्यातून वारा असा शिरत होता की आतलं तेल काकवीसारखं झालं. गाडी खोकायला लागली, जड झाली, गचके देऊ लागली. घाटाच्या पायथ्याशी मागचे सगळे पुढे गेले. ज्याच्यासाठी मला आणलं तेच मी करत होतो, आणि तेच नको होतं. आता मी काय करू? गरम करू? तो माझा धंदा नाही.

एनिडने गाडी थांबवली. किटली गेल्यापासून पिवळी टोपी गाडीतच होती, आतून धुरकटणारी काच पुसायला. तिने ती घेतली, पावसात उतरली आणि जाळीतून हात घालून मला घातली. गोंड्यासकट.

ऑइल कूलरला लोकरीची टोपी. अकरा वर्षं फळीवर काढली ती याच्यासाठी.

तेल कोमट झालं. गाडी सुटली. म्हणजे माझं काम बंद पाडलं, तेव्हा ती चढायला लागली. हे लिहून घ्या कुणीतरी.

वळणामागून वळण गेलं. मग पबच्या अलीकडच्या त्या वळणावर, त्या पाटीपाशी, रस्ताभर मेंढ्या. दोनशे तरी असतील. घाईत कुणी नाही. एनिड पहिल्या गिअरवर, माणूस चालेल त्या वेगाने त्यांच्या मागे. चढ उभा. इंजिन गुरगुरतंय. टोपीखाली तेल तापत चाललं.

"काटा कुठे आहे रे?" एनिडने विचारलं. "मला दिसत नाही."

"पडतोय," विल्फ म्हणाला. मग त्याने आयुष्यात पहिल्यांदा एक सरळ प्रश्न विचारला. "एनिड, टोपी काढू का?"

"विचारतोस काय! काढ ना!"

म्हणजे विचारलं तरी शिव्याच. विल्फने चालत्या गाडीतून उडी मारली, मेंढ्यांमध्ये घुसून पुढे धावला, गाडीसमोर उलट्या पावलांनी चालत जाळीत हात घातला आणि टोपी ओढून काढली. थंडगार वारा माझ्या अंगावर आला. तेल निवलं. त्या एका फर्लांगात मी आयुष्यभराचं काम केलं. काटा थांबला, मग चढला. विल्फ टोपी हलवत "हुर्र! हुर्र!" करत मेंढ्या हाकत पुढे, एनिड हॉर्न देत मागे. पाटी गेली. पबच्या खिडकीत माणसं ग्लास हातात धरून उभी. ती थांबली नाही. थेट माथ्यावर गेली आणि मगच गाडी बंद केली.

उतरली. पुढे आली. माझ्यावर उघडा हात ठेवला. अकरा वर्षांत पाद्रींनी कधी ठेवला नव्हता.

"कोमट आहे," ती म्हणाली. "बरोबर हवा तेवढा."

मग दरीकडे तोंड करून उभी राहिली. विल्फ धापा टाकत शेजारी आला.

"काय दिसतंय रे खाली?"

"काही नाही. सगळं धुकं. मला हातभर पुढचंही दिसत नाही."

"मग ठीक आहे," एनिड म्हणाली. "दोघं सारखेच."

आता जुलै उलटून गेलाय. गाडी विल्फ चालवतो, वाईट चालवतो. एनिड शेजारी बसून गिअरचे आवाज ऐकते आणि त्याच्या नावाने ओरडते. ती पाटी तिने पबवाल्यांकडून मागून आणली, गॅरेजच्या दारावर आहे. नवी किटली आली, तिला टोपी नाही. चहा गार होतो म्हणून दोघं रोज कुरकुरतात. टोपी माझ्या अंगावर आहे, ऑगस्टमध्येसुद्धा. गोंड्यात चिलटं अडकलीयेत. कुत्री बघून भुंकतात.

माझी तक्रार आहेच, ती राहणार. पण जाता जाता एक मागणं. तुमच्या घरी कुणी काही बसवत असेल, जोडत असेल, आणि तुम्ही शेजारी सभ्यपणे उभे असाल, तर आभाळाकडे बघू नका. त्याला वाईट वाटू दे. दुसरं बूच काढलं का, ते विचारा.

डेस्मंड आता विचारतो. काल आला होता. दारात पाचेक मिनिटं घुटमळला, ढगांबद्दल बोलला, आणि शेवटी म्हणाला, "विल्फ, शिडी देता का?"

विल्फने लगेच दिली. पण दिली ती डेस्मंडने नंतर घेतलेली नवी शिडी. ती विल्फने कधी नेली होती, हे मात्र डेस्मंडने विचारलं नाही.