वेळेवर पोचणारा माणूस

बिबवेवाडीतल्या त्यांच्या सोसायटीत कुणा बाईला नवऱ्याला टोमणा मारायचा असला की ती संजय ओव्हाळचं नाव काढायची. बघा जरा, बायकोला कसा तळहातावरच्या फोडासारखं जपतो! संजयच्या कानावर हे आलेलं होतं आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं. पाटबंधारे खात्यात जन्मभर कारकुनी केलेल्या माणसाचं एवढं कौतुक दुसरं कोण करणार?

नंदा मुळात जपून ठेवण्यातली बाई नव्हती. ती विमा एजंट होती. धायरीपासून येरवड्यापर्यंत स्कूटर पिटाळायची आणि वाटेत कुणी गाडी आडवी घातली तर त्याला दोन शब्द ऐकवूनच पुढे जायची. मग एका उन्हाळ्यात ती कर्वेनगरला निघालेली असताना राजाराम पुलाच्या मधोमध गर्दीत अडकली. एकाएकी छाती धडधडायला लागली, हात बधिर झाले आणि आपण आता इथेच मरणार असं तिला वाटलं. तिनं संजयला फोन केला. तो ऑफिसातून तसाच निघाला आणि तिला उचलून दवाखान्यात घेऊन गेला. सगळ्या तपासण्या झाल्या. हृदय ठणठणीत होतं. घाबरल्यामुळे होतं असं, काळजी करू नका, असं डॉक्टर म्हणाले.

काळजी करू नका म्हटल्यावर संजय काळजीला लागला. त्या पुलावरून जातेसच कशाला, म्हणाला, म्हात्रे पुलावरून जा की. थोडा वळसा पडेल, पडू दे. राजाराम पूल सुटला आणि नंदाला एकदम हलकं वाटलं. पण पावसाळा संपायच्या आत म्हात्रे पुलावरही छाती धडधडायला लागली. मग सगळेच पूल सुटले आणि नदीपलीकडची गिऱ्हाइकं तिनं दुसऱ्या एजंटला देऊन टाकली. मग स्वारगेटचा चौक नको झाला, मग स्कूटर नको झाली. संजयच्या मागे बसून जाणं तेवढं उरलं होतं, पुढे तेही नको झालं. शेवटी दोन गल्ल्या पलीकडच्या विहारातली रविवारची वंदनासुद्धा सुटली. संजय एकटाच जायचा आणि कुणी विचारलं तर नंदाचे गुडघे दुखतात म्हणून सांगायचा.

यात नंदाला एकदाही काही झालं नाही, हे ध्यानात घेण्यासारखं आहे. भीती वाटली की ती मागे फिरायची, मागे फिरली की जिवात जीव यायचा, आणि नवराबायको दोघांनाही वाटायचं, चला, थोडक्यात वाचलो. पुढच्या खेपेला भीती घराच्या आणखी थोडी जवळ येऊन उभी राहिलेली असायची. संजय त्या भीतीसाठी जागा करून द्यायचा. भाजी घरी, ब्लाऊजचं माप घ्यायला शिंपीण घरी, केस कापायला पार्लरवाली घरी. बढतीवर सोलापूरला बदली होत होती, ती त्यानं कुणाला न विचारता नाकारली. आणि ऑफिसातून दिवसभर फोन करून एकच विचारायचा, बरं वाटतंय ना? विचारलं की नंदा आपली छाती तपासायला लागायची, आणि तपासायला गेलं की काहीतरी सापडायचंच. प्रेम होतंच ते. त्यात खोट काढायची माझी तयारी नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी आम्रपाली. ती आयटीत होती, लग्न होऊन कर्वेनगरला गेली होती. तिला सातवा महिना लागला तेव्हा नंदानं बाळंतपणाची तयारी सुरू केली. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं. डिंक आणला, अळीव आणले, आतली खोली रिकामी केली. आणायला कधी येऊ, एवढंच संजयनं फोनवर विचारलं. त्या शनिवारी आम्रपाली स्वतःच आली आणि आईसमोर बसली.

"आई, मी इकडे येत नाहीये. सासूबाई करतील माझं," ती म्हणाली. "मला रात्री कळा सुरू झाल्या तर तू खाली रिक्षापर्यंत तरी येशील का? आणि बाबांनी त्या वेळी कुणाला सांभाळायचं, तुला की मला?"

अळिवाचा डबा नंदानं झाकण लावून फळीवर ठेवला. मुलगी गेल्यावर मात्र ती आतल्या खोलीत जाऊन इतकी रडली की संजयला दाराबाहेर उभं राहवेना. तिचं नातवंड नदीच्या पलीकडे जन्मणार होतं आणि तिला ते फोनवर बघावं लागणार होतं. दुसऱ्या दिवशी तिनं आपणहून मुलीला फोन केला. त्या समुपदेशक बाईंचा नंबर मागे एकदा देत होतीस, तो दे म्हणाली.

त्या बाई, दीपाली मॅडम, नंदाशी आधी व्हिडिओवर बोलल्या, मग एक दिवस त्यांनी संजयला बोलावून घेतलं. संजय तयारीनं गेला. आपण काय काय करतो ते त्यानं सगळं सांगितलं आणि कौतुकाची वाट बघत बसला. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ओव्हाळ साहेब, तुम्ही प्रत्येक वेळी वेळेवर पोचलात," त्या म्हणाल्या. "त्यामुळे तुम्ही पोचला नसतात तर काय झालं असतं, हे त्यांना आजवर कळलेलंच नाही."

संजयला आधी राग आला. मॅडम सांगत होत्या, भीती चढते तशी थोड्या वेळानं आपोआप उतरतेही. पण उतरायच्या आतच नंदाताई मागे फिरतात, किंवा तुम्ही घ्यायला जाता. मग मनाची खात्री पटते की मागे फिरलो म्हणूनच जगलो. अशी खात्री वर्षानुवर्षं पटत गेली की घराचा उंबरासुद्धा धोक्याचा वाटायला लागतो. आता त्यांना भीती उतरेपर्यंत तिथंच थांबायचंय, आणि तुम्हाला जायचं नाहीये. संजय घरी येईपर्यंत मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होता. जिन्यात त्याला तो म्हात्रे पुलाचा वळसा आठवला. तो कुणी सुचवला होता? मग त्याचा राग गेला आणि त्याला फार वाईट वाटलं.

पुढचे आठवडे दोघांनाही जड गेले. नंदा आधी सोसायटीच्या फाटकापाशी उभी राहिली, घामाघूम होऊन, पण राहिली. मग विहारापर्यंत गेली. तिथं मागच्या सतरंजीवर बसून तिनं वंदना पुरी केली आणि कुणी गुडघ्यांची चौकशी केली तेव्हा तिला काही कळेना. मग स्वारगेटपर्यंत रिक्षानं जाऊन आली. एकदा अर्ध्या वाटेतून परत फिरली, दोन दिवस कुणाशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी पुन्हा गेली. बरं वाटतंय ना, हे विचारायचं नाही असं संजयला बजावलेलं होतं. तो प्रश्न गिळून गिळून त्याचं पोट बिघडायची वेळ आली.

नववा लागायच्या आधी एका सकाळी नंदा साडी नेसून बाहेरच्या खोलीत आली. मुलीला आणायला मी जाते, म्हणाली, एकटी. आम्रपाली माहेरी यायला हो म्हणाली होती, पण तिची एक अट होती, आई स्वतः दारात आली तरच मी निघेन. नंदा रिक्षात बसली तेव्हा संजय गॅलरीतून बघत होता.

थोड्या वेळानं त्याचा फोन वाजला. नंदाचा आवाज ओळखू येत नव्हता. ती राजाराम पुलावर होती. गर्दीत रिक्षा अडकली, तिला बसवेना, ती खाली उतरली आणि आता कठड्याला धरून उभी होती. रिक्षावाला पुढे गेला होता.

"अहो, या ना," ती म्हणाली. "मला नाही जमत. घ्यायला या."

संजयच्या हातात हेल्मेट कधी आलं ते त्यालाच कळलं नाही. तो जिना उतरायलाही लागला होता. खालच्या मजल्यावर आल्यावर तो थांबला.

"मी येत नाही नंदा," तो म्हणाला. "तू तिथंच थांब. उतरेल ते."

पलीकडून नुसते गाड्यांचे हॉर्न ऐकू आले. मग फोन बंद झाला.

संजय पायरीवर बसला. त्याची छाती धडधडत होती, तळव्यांना घाम सुटला होता. डोळ्यांसमोर तो कठडा आणि खालचं पाणी येत होतं. उठावं, गाडीला किक मारावी, पोचावं, की हे सगळं क्षणात थांबेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आजवर प्रत्येक वेळी थांबलं होतं. आणि तिथं पायरीवर बसल्या बसल्या त्याच्या लक्षात आलं की इतकी वर्षं तो धावत सुटायचा तो निम्मा स्वतःसाठीच. बायको घाबरलेली त्याला बघवत नव्हती, म्हणून त्यानं तिला कधी पुरतं घाबरू दिलं नव्हतं. त्याला नंदाची इतकी दया आली, आणि स्वतःचीही, की तो दोन्ही हातांनी तोंड झाकून बसून राहिला. पहिल्या मजल्यावरच्या मथुराबाई कचऱ्याची बादली घेऊन आल्या, कुठं निघालात म्हणाल्या. कुठंच नाही, तो म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे आणि हेल्मेटकडे एकदा बघितलं आणि त्या बादली उचलून गेल्या.

तो उठला नाही. बऱ्याच वेळानं छाती आपली आपणच शांत झाली. तरी फोन येईना.

आला तो आम्रपालीच्या नंबरवरून, पण बोलत नंदा होती. आवाज बसलेला होता, मधूनच हुंदका येत होता.

"उरलेला पूल चालत आले," ती म्हणाली. "पुलावर मला एकटीला सोडलंत तुम्ही. हे मी विसरणार नाही."

"विसरू नकोस," संजय म्हणाला.

तिकडे मुलगी काहीतरी विचारत होती. नंदानं तिला बॅग उचलू नकोस म्हणून दटावलं. मग पुन्हा फोनवर आली.

"आम्ही दोघी निघतोय. घ्यायला येऊ नका," ती म्हणाली. "भात तेवढा लावून ठेवा."