बेचा पाढा

पाठीत सुई शिरली तेव्हा रेवतीच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही, आणि समोर बसलेल्या उल्हासला, तिच्या बापाला, त्याचा अभिमान वाटला. माणसाला स्वतःच्या मूर्खपणाचाही अभिमान वाटतो, फक्त त्या वेळी ते कळत नाही.

नोएडातल्या त्या दवाखान्यात रेवती खुर्चीवर उलटी बसली होती. पाठ डॉक्टरबाईंकडे, तोंड बापाकडे. तिच्या उजव्या खांद्याच्या फऱ्यामागे बरेच दिवस गाठ धरली होती. स्मॅश मारायला हात वर गेला की तिथेच अडकायचा, आणि रविवारी बॅडमिंटनच्या दिल्ली संघाची ट्रायल होती. शेकून झालं, पट्ट्या लावून झाल्या, फिजिओ झाला. मग तिच्याबरोबर खेळणाऱ्या एका मुलीने अ‍ॅक्युपंक्चरचं नाव काढलं. रेवतीची आई वृंदा म्हणाली, पैसे देऊन स्वतःला भोसकून घ्यायची हौस असेल तर जा दोघं, आणि पर्स उचलून ऑफिसला गेली. पण खरं सांगायचं तर पहिल्या दोन वेळांनीच हात बराच मोकळा झाला होता. सुया केसाइतक्या बारीक. बाई हुशार होत्या, बोलायला गोड होत्या, आणि दर वेळी न चुकता हिंदीत बजावायच्या की जड वाटलं, ओढ लागली, तर चांगलं; पण चमक मारली तर ताबडतोब बोलायचं.

आता बोलायचं तेवढंच तर रेवतीला कुणी शिकवलं नव्हतं. उल्हास तरुणपणी पुण्यात जिमखान्यावर खेळलेला. पोरीच्या हातात रॅकेट दिली त्या वर्षीच त्याने तिला मंत्र दिला होता, की कोर्टवर काही दुखलं तरी चेहऱ्यावर आणायचं नाही. समोरचीला कळलं की ती शटल नेमकी तिथेच टाकत राहते. त्यासाठी बापलेक बर्फाचा खेळ खेळायचे. मुठीत बर्फ धरून बसायचं, ज्याचं तोंड वाकडं होईल तो हरला. पोर इतकी तयार झाली, की एकदा पायाचं बोट मोडलेलं असताना अख्खी मॅच खेळली आणि जिंकली. घरी येऊन बूट काढला तेव्हा काय झालंय ते कळलं. उल्हासने ती गोष्ट मयूर विहारच्या त्यांच्या सोसायटीत घरोघर सांगितली होती.

म्हणून फऱ्याच्या कडेला ती सुई गेली, बाईंनी मागून "ठीक है?" विचारलं, आणि रेवती "बिल्कुल ठीक" म्हणाली, तेव्हा तिचे डोळे क्षणभर मोठे झाले ते फक्त उल्हासला दिसलं. बाईंना दिसणं शक्यच नव्हतं. त्याने मनात शाब्बास म्हटलं.

निघताना बाई म्हणाल्या, आज गाठ खोल होती. दम लागला किंवा छातीत दुखलं, तर मला फोन करत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. सगळ्यांनाच सांगत असतील, असं समजून उल्हासने मान डोलावली.

मेट्रोत रेवती खोकली. नोव्हेंबरातल्या दिल्लीत खोकल्याचं कुणाला काय, निम्मा डबा खोकत होता.

"पोल्यूशन यार, बाबा," ती म्हणाली आणि रिकाम्या जागेवर बसली.

तिथे उल्हास पहिल्यांदा चपापला. ही मुलगी मेट्रोत कधी बसत नसे. गाडीत तोल सांभाळत उभं राहण्याला ती व्यायाम म्हणायची. आता ती उजव्या कुशीवर कललेली होती आणि एरवीची तिची तोंडाची टकळी बंद होती. दुखतंय का, त्याने विचारलं. नाही. दम लागतोय? नाही रे. त्याने तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. तिथे काहीही नव्हतं. घोटलेल्या पाटीसारखा कोरा, शांत चेहरा, अगदी त्याने घडवला होता तसा. बाईंचं शेवटचं बोलणं कानात वाजायला लागलं. हिला काहीच होत नसेल तरी चेहरा हाच असणार, आणि हिचा जीव चालला असेल तरी हाच. कुणाला विचारायचं? न्यू अशोकनगर आलं, लोक चढले, उतरले, दारं मिटली, आणि त्याला त्या मिटणाऱ्या दारांचीही भीती वाटली.

मग त्याला जिना आठवला. रेवती लहान असताना सोसायटीची लिफ्ट सारखी बंद पडायची. चार मजले चढून गेल्यावर दारात उभं राहून एका दमात बेचा पाढा म्हणायचा, तरच दार उघडायचं, हा त्याचा नियम होता. दमसास वाढावा म्हणून. दिल्लीत वाढलेल्या पोरीला मराठी आकडे विसाच्या पुढे येत नव्हते, पण बेचा पाढा ती झोपेतही एका श्वासात म्हणायची.

"रेवा, बेचा पाढा म्हण."

"इथे? बाबा, लोक बघतायत."

"म्हण. एका दमात."

ती हसली, आणि त्याचा हट्ट म्हणून तिने सुरुवात केली. बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ, बे पाचे दहा. आणि थांबली. पुन्हा तोंड उघडलं, तर शब्दाऐवजी नुसता श्वास आत गेला, तोही अर्धवट. चेहरा मात्र तसाच होता.

मयूर विहारला उतरून त्याने घराऐवजी हॉस्पिटलकडे रिक्षा वळवायला लावली, तेव्हा ती चिडली. अ‍ॅडमिट केलं की ट्रायल गेली, हे ती तुकड्यातुकड्यांत सांगत राहिली, आणि प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा छोटा होत गेला. उल्हासने तिचा हात घट्ट धरला होता. पंधरा वर्षांत त्याने कुठल्या देवाला हाक मारली नव्हती; रिक्षा सिग्नलला थांबली तेव्हा त्याने दिसेल त्या देवाला मारली.

कॅज्युअल्टीतला तरुण डॉक्टर गर्दीने पिचलेला होता. खोकल्याचे पेशंट बाकांवर मावत नव्हते. त्याने रेवतीला विचारलं, दहापैकी किती दुखतंय. "दो," ती शांतपणे म्हणाली. सुया टोचल्यावर स्नायू दुखतोच, गोळी देतो, असं म्हणत त्याने पेन उघडलं.

"डॉक्टरसाब, इसका दो मत मानिए," उल्हास म्हणाला. "इससे पहाड़ा बुलवाइए।"

डॉक्टरने त्याच्याकडे पाहिलं ते वेड्याकडे पाहावं तसं. पण उल्हास जागचा हलेना. शेवटी हा माणूस टळावा म्हणून डॉक्टर बरं म्हणाला. रेवतीने बापाकडे रागाने पाहिलं आणि म्हणायला लागली. बे एके बे. बे दुणे. आणि चार काही आला नाही.

डॉक्टरला मराठी कळत नव्हतं, पण त्याने पेन खाली ठेवलं. स्टेथोस्कोप आधी डाव्या बाजूला लावला, मग उजव्या, मग परत उजव्या. आणि पुढच्या माणसाला मागे सारून एक्स-रेसाठी ओरडला.

उजवं फुफ्फुस निम्म्याहून अधिक मिटलं होतं. सुई आत टोचली असावी, असं क्वचित होतं, डॉक्टर म्हणाला. घरी जाऊन झोपली असती तर मात्र कठीण होतं. बरगड्यांमधून नळी घालून साठलेली हवा काढावी लागणार होती. ती बरी होईल, पुढे खेळेलही. रविवार विसरा.

पडद्याआड तिला कुशीवर झोपवलं. तेवढ्या जागेपुरती भूल दिलेली असली तरी दाब कळेल, दुखेल, असं नर्सने सांगितलं. रेवतीने नेहमीसारखा चेहरा घट्ट केला. उल्हास उशाशी उभा होता आणि त्याचाही चेहरा तसाच होता, कारण ती विद्या मुळात त्याचीच.

डॉक्टरने हातमोजे चढवले. रेवतीने डोळे वर करून बापाकडे पाहिलं.

"बाबा, तू घाबरलायस?"

नाही हा शब्द त्याच्या ओठांवर आलाच होता. त्याने तो गिळला.

"हो," तो म्हणाला. "जाम घाबरलोय, रेवा." आणि त्याचं तोंड वाकडं झालं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते त्याने पुसलं नाही.

रेवती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिची हनुवटी थरथरली.

"दुखतंय, बाबा," ती म्हणाली. "सुई टोचली तेव्हापासून दुखतंय."

तिने त्याचा हात धरला, आणि नळी आत गेली तेव्हा शेजारच्या पलंगावरची म्हातारी उठून बसेल इतक्या मोठ्याने ती ओरडली.